वेठ मोडणारी गोदाराणी : सभासदाला तोंड देणाऱ्या गोदावरी परुळेकर

वसई-विरार : १४ ऑगस्ट ही तारीख आपल्या जिल्ह्यात दोन कारणांसाठी लक्षात ठेवावी अशी. १९४२ साली याच दिवशी पालघरला गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यांना दरवर्षी मानवंदना दिली जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण याच तारखेला, १९०७ साली, पुण्यात एक मुलगी जन्मली. पुढे तिने आपल्या डहाणू-तलासरी भागातली वेठ मोडायला वारल्यांना उभं केलं, हे नव्या पोरांपैकी किती जणांना ठाऊक आहे? ती म्हणजे गोदावरी परुळेकर. जुनी माणसं त्यांना गोदाराणी म्हणायची.

आज हे सांगायचं कारण वेगळं आहे. तलासरी, डहाणू, जव्हार, मोखाड्याची कितीतरी मुलं आता शिक्षणासाठी लोकल पकडून पालघर, विरार, वसईच्या कॉलेजात येतात. कॉलेजात आली की कुठल्या ना कुठल्या विद्यार्थी संघटनेची पावती फाडली जाते. मोर्चा असला की बोलावणं येतं, झेंडा हातात दिला जातो. पण संघटनेने कुठला प्रश्न घ्यायचा, पदाधिकारी कोण व्हायचं, हे ठरवताना त्या पोराला कोण विचारतं? बहुतेक वेळा वरून यादी येते आणि खाली टाळ्या वाजतात. महाराष्ट्रात कॉलेजातल्या थेट निवडणुका १९९० च्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्यांची तरतूद परत आली, पण प्रत्यक्षात गाडी अडखळतच राहिली. म्हणून सभासदाला संघटनेत बोलता यावं, ठरवता यावं, ही मागणी अधूनमधून पुढे येते.

ही मागणी नवी नाही. आपल्याच मातीत, ऐंशी वर्षांपूर्वी, ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं अशा माणसांनी एका देशपातळीच्या संघटनेत स्वतःचं म्हणणं मांडलं आणि स्वतःचे निर्णय स्वतः घेतले. गोदावरीबाईंचं आयुष्य म्हणजे त्याचीच हकिकत आहे.

वकिलाची लेक, कॉलेजातून थेट तुरुंगात

गोदावरीबाई माहेरच्या गोखले. वडील लक्ष्मणराव गोखले पुण्यातले नावाजलेले वकील. घरात पैसा, मान, शिक्षण, सगळं होतं. त्या काळात मुलीला चार इयत्ता शिकवल्या तरी खूप झालं असं मानायचे. गोदावरीबाई फर्ग्युसन कॉलेजात शिकल्या आणि पुढे कायद्याची पदवी घेतली. महाराष्ट्रातली कायद्याची पदवी घेणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

काळा कोट घालून कोर्टात उभं राहायचं, की रस्त्यावर उतरायचं? देशात सत्याग्रह पेटला होता. १९३२ साली त्यांनी सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेल्या. वडील मवाळ विचारांचे, सरकारशी भांडण नको म्हणणारे. मुलगी तुरुंगात गेली हे त्यांना पटलं नाही. सुटून आल्यावर घराचं दार पहिल्यासारखं उघडं राहिलं नाही. पुण्याचा मोठा वाडा मागे टाकून त्या मुंबईला आल्या.

सेवा खूप, पण ठरवणारे दुसरेच

मुंबईत त्या भारत सेवक समाजात दाखल झाल्या. नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात काढलेली ही संस्था. सभासदाने शपथ घ्यायची, तुटपुंज्या मानधनावर जगायचं आणि आयुष्यभर देशसेवा करायची, अशी तिची रीत. गोदावरीबाई तिच्या पहिल्या स्त्री आजीव सभासद झाल्या.

तिथे त्यांनी मनापासून काम केलं. १९३७ च्या सुमारास प्रौढ साक्षरतेची मोहीम चालवली. १९३८ मध्ये मुंबईतल्या घरकाम करणाऱ्या बायकांची संघटना बांधली. आज घरेलू कामगार बाईला ओळखपत्र मिळतं, मंडळ आहे. पण भांडी घासणाऱ्या बाईचीही युनियन असू शकते, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यातही येत नव्हतं.

तरी त्या कामाच्या पद्धतीत एक अडचण होती. शिकलेली माणसं गरिबांसाठी काम करायची. हेतू चांगला, त्यागही मोठा. पण गरिबांचं काय दुखतं ते शिकलेल्यांनी ठरवायचं, औषधही त्यांनीच द्यायचं. गरीब माणूस त्या संस्थेचा सभासद नव्हता. तो फक्त सेवा घेणारा होता.

याच संस्थेत शामराव परुळेकर होते. कामगारांत काम केलेले, १९३७ च्या निवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातून मुंबई विधिमंडळात गेलेले. १९३९ साली दोघांनी लग्न केलं. त्याच सुमारास त्यांनी संस्था सोडली आणि कम्युनिस्ट पक्षात आणि शेतकऱ्यांच्या चळवळीत आले. दुसऱ्या महायुद्धाच्या विरोधात उभं राहिल्याबद्दल १९४० ते १९४२ तुरुंगवास भोगला.

१९३६ : लखनौच्या दोन सभा

इथे थोडं देशाकडे पाहू. १९३६ साली लखनौ शहरात दोन संघटना जन्मल्या. एप्रिलमध्ये अखिल भारतीय किसान सभा, स्वामी सहजानंद सरस्वती तिचे पहिले अध्यक्ष. आणि ऑगस्टमध्ये अखिल भारतीय विद्यार्थी फेडरेशन. एक शेतकऱ्यांची, दुसरी विद्यार्थ्यांची. दोन्ही देशपातळीच्या.

दोन्हींपुढे प्रश्न एकच होता. व्यासपीठावर पुढारी आहेत, ठराव इंग्रजीत होतात, पण ज्याच्या नावाने संघटना चालते तो कुठे आहे? विद्यार्थी फेडरेशनमध्ये मतभेद इतके ताणले गेले की १९४० साली नागपूरच्या अधिवेशनात तिचे दोन तुकडे झाले. किसान सभेपुढची अडचण निराळी होती. शेतकऱ्यांची संघटना, पण सगळ्यात खालचा जो जमीन कसणारा, तो सभेला येतच नव्हता. आपल्याकडचा वारली तर मालकाला न विचारता गावाबाहेरही पडत नव्हता.

वेठ आणि लग्नगडी

तेव्हाचा उंबरगाव आणि डहाणू तालुका कसा होता, ते आजच्या पोरांना सांगितलं तरी खरं वाटणार नाही. जमीन एकेकाळी वारल्यांची. ती सावकाराच्या वहीतून हळूहळू शेठकडे गेली. मूळ मालक आपल्याच शेतात कूळ झाला. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की खावटी घ्यायची, आणि ती फेडता फेडता पुढचं वर्ष जायचं.

त्यावर वेठ. मालकाचा निरोप आला की स्वतःची शेती टाकून त्याच्या शेतावर जायचं. नांगरणी, लावणी, गवत कापणी, लाकूडतोड, पाणी भरणं, काहीही. मजुरी नाही, मिळालीच तर नावाला. नाही म्हटलं की मार.

सगळ्यात वाईट म्हणजे लग्नगडी. लग्नासाठी शे-दोनशे रुपये कर्ज काढलं की नवरा तर मालकाचा गडी व्हायचाच, नवरी पण त्याच्याबरोबर. कर्जाचा हिशोब मालकाच्या वहीत, त्यामुळे ते कधी फिटायचंच नाही. आयुष्यभर राबायचं. मालकाने बाईवर हात टाकला तरी बोलायची सोय नाही.

ही गोष्ट ऐंशी वर्षांपूर्वीची. आजही काही घरांत तो काळ पाहिलेल्या आजीच्या आठवणी सांगितल्या जातात.

टिटवाळा : पंधरा माणसं आणि एक भाषण

७ जानेवारी १९४५ ला टिटवाळ्याला महाराष्ट्रातल्या किसान सभेची पहिली परिषद भरली. तिच्या प्रचारासाठी गोदावरीबाई उंबरगाव तालुक्यातल्या पाड्यांवर हिंडल्या. शहरातली, शिकलेली, पांढरपेशी बाई. लोकांचा विश्वास बसेना. सरकारी माणूस असेल, मालकाचं माणूस असेल, अशी भीती. अंगावर फटके खाल्लेला माणूस अनोळखी माणसापुढे तोंड उघडत नाही, यात नवल काय?

तरी जेमतेम पंधरा वारली टिटवाळ्याला आले. त्यांच्यात माह्या धांगडा होता. परिषदेत माह्या उभा राहिला आणि आपल्या बोलीत वेठीची कहाणी सांगितली. मालक काय करतो, लग्नगडी म्हणजे काय, आमच्याकडे कुणीतरी या, असं त्याने भरल्या सभेत मांडलं.

खरी कलाटणी इथे मिळाली. तोवर किसान सभेचे ठराव पुढारी मांडत. इथे ज्याचं दुखणं त्यानेच ते मांडलं. परिषदेला त्यातून कामाची दिशा मिळाली. पुढे काय करायचं हे मुंबईच्या ऑफिसात बसून ठरलं नाही. माह्याने जे सांगितलं, त्यावरून ठरलं.

परुळेकर दांपत्य मग तिथेच जाऊन राहिलं. कुडाच्या झोपडीत मुक्काम, पाड्यावर जे शिजेल ते खाणं, मैलोन्‌मैल पायी फिरणं. गोदावरीबाईंनी लोकांची बोली शिकून घेतली. ज्याची भाषा आपल्याला समजत नाही, त्याचं मत आपल्याला कसं कळणार? हा साधा हिशोब त्यांना कळला होता.

झरी : पाच हजारांनी घेतलेला निर्णय

२३ मे १९४५. झरी गावात वारल्यांची परिषद झाली. तेव्हा झरी उंबरगाव तालुक्यात होतं. आज ते आपल्या तलासरी तालुक्यात येतं. सुमारे पाच हजार माणसं जमली. आजच्यासारख्या गाड्या नाहीत, फोन नाही, भोंगा नाही. पाड्यापाड्यातून लोक चालत आले.

तिथे चार गोष्टी ठरल्या. पहिली, मालकाच्या खासगी जमिनीवर काम करायचं तर रोज बारा आणे रोख मजुरी घ्यायची, त्याशिवाय नाही. दुसरी, वेठ करायची नाही. तिसरी, मालकाने हात उचलला तर गप्प बसायचं नाही. चौथी, सगळ्यांनी एकजुटीने राहायचं.

ठराव एवढेच. एकही शब्द असा नाही की जो लिहिता-वाचता न येणाऱ्याला समजणार नाही. प्रत्येकाला तो पाठ झाला आणि घरी जाऊन बायकोला, शेजाऱ्याला सांगता आला. आपल्या संघटनांचे दहा-दहा पानांचे ठराव सभासदाने वाचलेले तरी असतात का, हे ज्याने त्याने आपल्याशी विचारावं.

परिषद संपली आणि निर्णय लोकांनीच अंमलात आणला. गोदावरीबाई प्रत्येक गावात पोचू शकत नव्हत्या, आणि तशी गरजही उरली नाही. लाल बावटा घेऊन वारलीच गावोगाव गेले. वेठीला माणूस जाईना. घोळके करून लोक मालकांच्या वाड्यांवर गेले आणि लग्नगड्यांना सांगितलं की चला, तुम्ही सुटलात. पिढ्यान्‌पिढ्या चाललेली वेठ काही आठवड्यांत मोडली. पुस्तकातला कायदा जे करू शकला नव्हता, ते ज्याचं त्यानेच केलं.

तलवाडा : एका खोट्या निरोपाची किंमत

पावसाळा सरला आणि गवत कापणीचा हंगाम आला. इथलं गवत मुंबईला जायचं, मालकांना त्यात भरपूर पैसा. वारल्यांनी मागणी केली की पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मिळाले पाहिजेत. तोवर काम बंद.

ऑक्टोबर १९४५ मध्ये गावोगाव एक निरोप फिरला. तलवाड्याला सभा आहे, गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे, काठ्या घेऊन सगळे या. निरोप खोटा होता. सभा ठरलीच नव्हती. पण बाईंच्या जिवाचा प्रश्न म्हटल्यावर लोक हजारोंनी धावले. तिकडे सरकारला सांगितलं गेलं की वारली दंगा करायला जमलेत. पोलीस आले आणि गोळीबार झाला. जेठ्या गांगड पहिला हुतात्मा. एकूण पाच जण गेले.

आज आपल्या मोबाइलवर असे निरोप रोज येतात. कुणाला मारलं, कुठे जमायचं, पुढे पाठवा. पाठवणारा कोण, खरं की खोटं, हे बघायच्या आत बोट पुढे ढकलतं. तेव्हा फोन नव्हता, तरी एका खोट्या निरोपाने पाच घरं उघडी पडली. संघटनेतल्या सभासदाला निर्णयाचा हक्क पाहिजे, हे खरंच. पण त्याला खरी बातमी मिळण्याची पक्की सोयही पाहिजे. नाहीतर त्याच्या प्रेमाचा आणि विश्वासाचा फायदा दुसराच घेतो.

गोळीबारानंतर आंदोलन मोडेल असं मालकांना वाटलं. ते मोडलं नाही. लोकांनी डोकं शांत ठेवलं, दगड उचलला नाही आणि कामही केलं नाही. शेवटी मजुरी वाढवावी लागली. पुढच्या वर्षी, १९४६ मध्ये, जंगलात लाकूड तोडणाऱ्यांनी संप केला. महिनाभर ताणल्यावर लाकूड व्यापाऱ्यांनी रोज सव्वा रुपया कबूल केला. परुळेकरांना जिल्हाबंदी झाली, कार्यकर्त्यांची धरपकड झाली. पुढारी जिल्ह्याबाहेर असतानाही संप टिकला, कारण तो पुढाऱ्यांचा नव्हताच.

तुरुंग, पुस्तक आणि देशाचं अध्यक्षपद

स्वातंत्र्य मिळाल्यावरही गोदावरीबाईंच्या वाट्याला तुरुंग आला. सगळा हिशोब केला तर आठेक वर्षं त्या आत होत्या. त्यावर त्यांनी ‘बंदिवासाची आठ वर्षे’ हे पुस्तक लिहिलं. शामराव १९५७ साली ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. १९६५ च्या ऑगस्टमध्ये स्थानबद्धतेत असतानाच त्यांचं निधन झालं. त्या वेळी गोदावरीबाईही तुरुंगात होत्या.

सुटून आल्यावर त्या पुन्हा इकडेच आल्या. १९७० साली ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्यांचं पुस्तक आलं. १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वारल्यांच्या लढ्याची हकिकत त्यात आहे. तिचा नायक माह्यासारखा माणूस आहे. बाई स्वतःला मोठं करून दाखवत नाहीत. पाड्यावर काय शिकायला मिळालं, ते सांगतात.

मुलांच्या शिक्षणाकडेही त्यांनी लक्ष दिलं. तलासरीला आदिवासी प्रगती मंडळाच्या वतीने शाळा, वसतिगृह सुरू झालं. आज तिथल्या कॉलेजला त्यांचंच नाव आहे. ज्यांच्या आजोबांचा अंगठा सावकाराच्या वहीवर होता, त्यांची नातवंडं तिथे सही करून परीक्षेला बसतात.

संघटनेतही खालचा माणूस वर आला. तलासरी भागातले लहानू कोम १९७७ साली डहाणू मतदारसंघातून खासदार झाले. आणि १९८६ मध्ये गोदावरीबाई अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. ज्या संघटनेच्या सभेला एकेकाळी वारली यायला घाबरत होता, तिच्या देशपातळीच्या खुर्चीवर वारल्यांची गोदाराणी बसली.

सगळंच सुटलं, असं म्हणणं खोटं ठरेल. जमिनीचा प्रश्न पुढेही राहिला, वनजमिनीचे दावे आजही चालू आहेत. दिवाळी झाली की डहाणू, विक्रमगड, जव्हारची कुटुंबं वीटभट्टीवर, बांधकामावर वसई-विरार, भिवंडीकडे निघतात, आणि उचल घेतलेली असली की मालकाच्या शब्दाबाहेर जाता येत नाही. चळवळ एका पक्षाच्या झेंड्याखाली होती, त्यामुळे तिच्यावर टीकाही झाली. बाहेरच्यांनी भोळ्या आदिवासींना चिथवलं, असं त्या काळी मालक म्हणत. पण चिथवलेला माणूस दोन दिवस ओरडतो आणि घरी जातो. पोटाला चिमटा घेऊन महिनाभर संप करणारा माणूस स्वतः ठरवून उभा राहिलेला असतो.

आपल्यासाठी काय?

८ ऑक्टोबर १९९६ ला गोदावरीबाई गेल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने पेसा कायदा केला. आदिवासी भागात गावाचा निर्णय ग्रामसभेने घ्यायचा, असं तो सांगतो. तलासरी, डहाणू, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा हे तालुके तर त्यात आहेतच, पालघर आणि वसई तालुक्यातली काही गावंही आहेत. झरीच्या माळावर १९४५ साली जे बिनकायद्याचं झालं, तेच पन्नास वर्षांनी कायद्यात आलं असं म्हटलं तरी चालेल. पण ग्रामसभेला किती जण जातो आपण? कोरम भरत नाही म्हणून सभा तहकूब, आणि मग सह्या घरोघरी फिरून घेतल्या जातात, ही गोष्ट कुठल्या गावाला नवी आहे?

विद्यार्थी संघटना असो, बचत गट असो, मच्छीमार सोसायटी असो की ग्रामसभा, गोदावरीबाईंच्या आयुष्यातून तीन साध्या गोष्टी घेता येतील. सभा सभासदाच्या भाषेत व्हावी. ठराव इतका सोपा असावा की तो घरी जाऊन सांगता यावा. आणि पुढारी नसतानाही जे काम चालू राहील, तेच संघटनेचं काम समजावं.

कॉलेजात पावती फाडताना पोरांनी एवढं विचारावं, की पुढची सभा कधी आहे आणि तिथे मला बोलता येईल का? टिटवाळ्याला माह्या धांगडा पंधरा जणांतून उठला होता. त्याला कुणी पद दिलं नव्हतं.